कॅलेंडरातले चौकोन
(१९८९च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आपण शाळा सोडून पस्तीस वर्षं झाली. सकाळपासून इथं एकमेकांना ओळखण्याचा कार्यक्रम चालू आहे. काहींचे केस गेले, काहींचे पांढरे झाले, काहींनी काळे केले. मघाशी एकानं मला मिठी मारली, दहा मिनिटं गप्पा मारल्या आणि जाताना हळूच विचारलं, "तू नक्की कोण?" मीही त्याला ओळखलं नव्हतं, त्यामुळे हिशेब फिटला.

संयोजकांनी मला विषय दिला, "कुटुंबातले आनंदाचे क्षण". सगळ्यांच्या घरी आता मुलांची लग्नं, नातवंडं, पन्नाशी असं चाललंय, म्हणून हलकंफुलकं बोल, असं सांगितलं. मी प्रयत्न करतो. पण विषयाचा विचार करायला लागलो आणि मला आमच्या घरातली एक गोष्ट आठवली. ती पूर्ण हलकीफुलकी नाही. तरी तुमच्यासमोर सांगायची आहे, कारण तिची सुरुवात याच शाळेत झाली.

आधी थोडं आनंदाचंच बोलू. साजरं करण्याच्या बाबतीत आपण मराठी माणसं काही कमी नाही. मूल पोटात असतं तेव्हा डोहाळजेवण. जन्मल्यावर बारसं. पहिला घास भरवायचा तर उष्टावण, पहिले केस काढायचे तर जावळ. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही पोराला हलव्याचे दागिने घालून बोरन्हाण. साठ वर्षं झाली की साठीशांत, पंचाहत्तरी झाली की ती वेगळी. आणि मग सहस्रचंद्रदर्शन. आपल्या गणिताच्या सरांचं ते गेल्या वर्षी झालं. सर, मी घरी बसून गणित केलं. साधारण साडेएकोणतीस दिवसांनी एक पौर्णिमा येते. म्हणजे हजार पौर्णिमा पाहायला ८० वर्षं आणि वर जवळजवळ १० महिने लागतात. चुकलं असेल तर पट्टी घ्या, मी हात पुढे करतो.

पण बघा, कुणाच्या तरी मनात कधीतरी आलं असेल की या म्हाताऱ्या माणसानं हजार वेळा पूर्ण चंद्र पाहिला, चला, याला ओवाळू. मला हे फार आवडतं. त्या माणसानं काही केलेलं नाही. परीक्षा दिली नाही, बक्षीस मिळवलं नाही. तो जगला, एवढंच. तेवढ्यासाठी आपण हजार पौर्णिमा मोजल्या.

एवढं मोजणारी आपण माणसं. आणि तरी आपल्याच घरातलं किती काही आपल्या मोजणीतून सुटतं, ते मला माझ्या आईच्या कॅलेंडरांनी दाखवलं.

तुमच्यापैकी अनेकांना माझे आबा आठवत असतील. ते मुंबईला गिरणीत होते. आपल्या भागातल्या कितीतरी घरांतली कर्ती माणसं तशीच गिरणीत होती, आणि बायका-पोरं गावी. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. आज मिटेल, उद्या मिटेल म्हणून आबा वर्षभर मुंबईत थांबले आणि मग वळकटी घेऊन गावी आले. मी तेव्हा दहा वर्षांचाही नव्हतो. मला आनंद झाला होता, कारण आबा आता रोज घरी असणार होते. आईला काय झालं असेल, हे कळायचं माझं वय नव्हतं.

मी पाचवीला या शाळेत आलो तेव्हा माझी मोठी बहीण, आमची आक्का, इथंच आठवीत होती. एक वर्ष आम्ही दोघं बरोबर चालत आलो. ओढ्याला पाणी असलं की ती माझं दप्तर डोक्यावर घ्यायची आणि मला हाताला धरून पलीकडे न्यायची. १९८४च्या जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा मी सहावीत एकटाच आलो. आक्का घरी राहिली. दोघांची वह्या-पुस्तकं, दोघांची फी, दोघांचे कपडे जमणार नव्हते. कुणी तिला विचारलं नाही, आणि तिनं कुणाला विचारलं नाही. ती शेतावर जाऊ लागली, पुढे शिवण शिकली.

१९८९ला मी दहावी पास झालो. निकाल घेऊन घरी गेलो तेव्हा आक्कानं शिवणाच्या पैशांतून पेढे आणून ठेवले होते. निकाल लागायच्या आधीच! मी नापास झालो असतो तर काय केलं असतंस, असं विचारलं तर म्हणाली, "खाल्ले असते आम्हीच." सगळ्या आळीत घरोघरी जाऊन तिनं ते पेढे वाटले. मी मागे मागे हिंडत होतो, पाया पडत होतो, आणि लोक माझ्या पाठीवर थाप मारत होते. तिच्या हातात ताटली होती.

पुढचं तुमच्या-माझ्यासारखंच. डिप्लोमा, पुण्यात कारखान्यात नोकरी, लग्न, फ्लॅट, हप्ते. आक्काचं लग्न शेजारच्याच गावात झालं. २००९ला आबा गेले. २०१८ला आई गेली.

आईचे दिवस झाल्यावर आम्ही घर आवरायला घेतलं. तिच्या पत्र्याच्या पेटीत तळाशी जुनी कालनिर्णय कॅलेंडरं निघाली. नीट गुंडाळलेली, वर नाडी बांधलेली. आई चौथी शिकलेली. आपल्या सगळ्यांच्या घरी कालनिर्णयच्या चौकोनांत काय लिहिलेलं असतं? दुधाचे खाडे, गॅस कधी लावला, गिरणीवाल्याचे किती द्यायचे. तसंच ते होतं. बायको म्हणाली, रद्दीत टाकू. मी म्हटलं, थांब, जरा बघतो. आणि संध्याकाळपर्यंत मी जागचा हललो नाही.

दुधाच्या खाड्यांच्या मधे मधे दुसरं काहीतरी होतं. दोन शब्द, तीन शब्द. "पोरगी सायकल शिकली." "यांचा ताप उतरला." "गाय व्याली." "पोराचा पहिला पगार आला, देवापुढं ठेवला." आणि १९८४च्या जूनमध्ये एका चौकोनात, "शाळा सुरू. एकटाच गेला."

आमच्या घरात त्या दिवशी कुणी रडलं नव्हतं, कुणी काही बोललं नव्हतं. मला वाटायचं, ती गोष्ट कुणाच्या लक्षातच आली नाही. आईनं ती लिहून ठेवली होती.

मग १९९७चं कॅलेंडर उघडलं. मे महिन्यात एके ठिकाणी लिहिलं होतं, "सोसायटी फिटली. शिरा." मला तो शिरा आठवला. मी सुट्टीला गावी आलो होतो. आईनं दुपारी एकदम शिरा केला, केळं घालून, वर तूप सोडून. मी विचारलं, "आज काय?" ती म्हणाली, "काही नाही, रवा उरला होता." आबा मान खाली घालून जेवत होते. त्यांनी दोनदा मागून घेतला. आक्काच्या लग्नासाठी आणि माझ्या शिक्षणासाठी काढलेलं सोसायटीचं कर्ज त्या दिवशी संपलं होतं. मी दरमहा पैसे पाठवत होतो, पण कधी विचारलं नव्हतं की अजून किती राहिलंय. आमच्या घरातला तो एक मोठा सण होता. मी त्या सणाला हजर होतो, पोटभर जेवलो होतो, आणि मला तो सण आहे हे माहीत नव्हतं.

आता २०१२चं सांगतो. त्यासाठीच मी इथं उभा आहे.

आक्का लग्नानंतर त्यांच्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली होती. पोरांना घरून गोळा करून आणायचं, खाऊ शिजवायला मदत करायची, झाडलोट करायची. तेव्हा सेविका व्हायचं तर दहावी पास असावं लागायचं. तिच्या मुलानं तिला सांगितलं की सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तो घ्यायला ती याच शाळेत आली होती. सत्तावीस वर्षांपूर्वीचं जनरल रजिस्टर काढून तिची नोंद शोधून दिली गेली. "शाळा सोडण्याचे कारण" या रकान्यात लिहिलेलं होतं, घरगुती अडचण.

वर्षभर ती पहाटे उठून अभ्यास करत होती. चुलीपुढं बसून इंग्रजीचे शब्द पाठ करत होती. गणित तिला तिचा मुलगा शिकवायचा. हे सगळं मला नंतर कळलं. मार्चमध्ये तिनं परीक्षा दिली. जूनमध्ये निकाल लागला तेव्हा दुपारी तिचा फोन आला. म्हणाली, "मी पास झाले रे. शेहेचाळीस टक्के." मी म्हटलं, "अरे वा, छान! आक्का, मी मीटिंगमध्ये आहे, संध्याकाळी फोन करतो."

संध्याकाळी मी फोन केला नाही. मुद्दाम नाही, विसरलो. दुसऱ्या दिवशीही विसरलो. पुढे आठवण झाली तेव्हा वाटलं, आता काय, शिळं झालं. त्यानंतर आमचं कितीतरी वेळा बोलणं झालं, पण तो विषय कुणी काढला नाही. खरं सांगायचं तर मला ती गोष्ट मोठी वाटलीच नव्हती. त्याच महिन्यात आमच्या सोसायटीत एका मुलाला ९६ टक्के मिळाले होते. त्याच्या घरी मी बुके घेऊन गेलो होतो.

२०१२चं कॅलेंडर पेटीत होतं. आई तेव्हा गावी एकटी राहायची. जूनच्या एका चौकोनात तिच्या थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, "पोरगी दहावी झाली. पेढे घेऊन आली. ओवाळलं." आणि त्याच्या पुढच्या चौकोनात, "पोराचा फोन नाही."

तिनं मला हे कधी बोलून दाखवलं नाही. सहा वर्षं तिनं ते तिथंच ठेवलं.

मित्रहो, मी त्या रात्री झोपलो नाही. मला दोन गोष्टी कळल्या. पहिली अशी की साजरं करण्यासारखं काय आहे, हे आपण स्वतः ठरवतच नाही. ते आधीच ठरलेलं असतं. बारसं, लग्न, साठी यांचा मुहूर्त भटजी सांगतात. टक्के पेपरात येतात. मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी, हेसुद्धा कुणीतरी ठरवून ठेवलेलं. त्या यादीत जे बसतं त्याला आपण हार घालतो. कर्ज फिटलं त्या दिवसाला नाव नाही. बेचाळीसाव्या वर्षी ४६ टक्के मिळवण्याला विधी नाही. त्यामुळे कुणाचं तरी लक्ष असावं लागतं. कुणाचंच लक्ष नसलं तर तो दिवस दुधाच्या खाड्यासारखा निघून जातो.

दुसरी गोष्ट अशी की लक्ष ठेवायला पैसा लागत नाही. आईकडे काय होतं? एक निरांजन, कुंकू, सुपारी, ओंजळभर रवा आणि बोटभर पेन्सिल. हे सगळं तुमच्याही घरात आत्ता आहे. आज आपल्याकडे चौकात फ्लेक्स लागतात, केक येतात, डीजे येतो. मी त्यांना नावं ठेवत नाही. माझ्या मुलाच्या वाढदिवसाला मीही केक आणला आहे. पण आपल्या या तुकडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचंच बघा. वाढदिवस असला की साठ केक येतात, फुलांचे गुच्छ येतात, फटाके फुटतात. मागे आपल्यातल्या एकानं लिहिलं होतं की गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बायको आज पहिल्यांदा जिना चढून वर आली. त्याला तीन अंगठे आले. त्यातला एक माझा होता, म्हणून मला आकडा पाठ आहे. चार महिने जिनं खालच्या खोलीत काढले, ती आपल्या पायांनी वर आली, याहून मोठी बातमी त्या घरात त्या वर्षी कुठली असेल? आपण अंगठा दाखवून मोकळे झालो.

आता आक्काचं पुढे काय झालं ते सांगतो, नाहीतर तुम्ही जेवताना विचाराल.

त्या वर्षी भाऊबीजेला मी तिच्या घरी गेलो. तिनं पाट मांडला, रांगोळी काढली, ताट तयार केलं. मी पाटावर बसलो नाही. तिला म्हटलं, "आज तू बस." ती म्हणाली, "असं कुठं असतंय का?" मी म्हटलं, बस. तिचे मिस्टर हसायला लागले, भाचा मोबाइल काढून उभा राहिला. ती बसली. मला ओवाळायची सवय नाही. कुंकू भुवईवर लागलं, अक्षता तिच्या डोळ्यात गेल्या, आणि ताट फिरवताना निरांजन विझलं. ते परत लावलं. मग मी तिच्या पाया पडलो आणि सांगितलं, "दहावीबद्दल. सहा वर्षं उशीर झाला." आईच्या कॅलेंडरातलं ते पानही तिला दाखवलं.

मला वाटलं होतं, ती रडेल. ती पान हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आईचं अक्षर बघ, 'पेढे' लिहिताना दुसरी मात्रा विसरलीय." मग आत गेली आणि एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली. तिच्यात तिची दहावीची गुणपत्रिका होती, लॅमिनेट केलेली. मला म्हणाली, "तू विचारशील म्हणून काढून ठेवली होती. मग राहूनच गेलं."

ते "राहूनच गेलं" माझ्या कानांतून अजून जात नाही.

आक्का पुढे सेविका झाली. तिच्या अंगणवाडीतलं एखादं मूल पहिल्यांदा न रडता आत आलं की ती त्या दिवशी त्याच्या कपाळाला कुंकवाचं बोट लावते. कशाबद्दल ते मुलाला कळत नाही, पण मूल दिवसभर छाती काढून फिरतं.

आमच्या पुण्याच्या घरी आता स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं, आणि चौकोनात लिहायची मुभा सगळ्यांना आहे. मागच्या वर्षीचं मी परवा चाळलं. मुलीनं लिहिलं होतं, "आज एकटीनं हायवेला गाडी चालवली." बायकोनं लिहिलं होतं, "आईंच्या चवीची आमटी जमली. अखेर." मुलगा बारावीला गणितात राहिला होता. जुलैच्या पुरवणी परीक्षेत निघाला. त्या दिवशी त्यानं चौकोनात काहीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहिलं, "सुटला. शिरा." आणि शिरा मीच केला. गुठळ्या झाल्या होत्या, पण पातेलं रिकामं झालं. मुलगा म्हणाला, "बाबा, नापास होऊन पास झालो त्याचा कुणी शिरा करतं का?" मी म्हटलं, आपल्या घरात करतात. आजीपासून.

शेवटी एक विनंती, आणि मग मी खाली बसतो.

या मेळाव्याची यादी करताना आपण दहावीचं हजेरीपुस्तक समोर घेतलं. साहजिक आहे. पण पाचवीला आपल्याबरोबर बाकावर बसलेली, आणि सहावीत, सातवीत, आठवीत गळलेली मुलं-मुली त्या यादीत नाहीत. कुणी गुरं राखायला गेलं, कुणी मुंबईला हॉटेलात कामाला लागलं, कुणाचं लग्न झालं. रजिस्टरात त्यांच्या नावापुढे "घरगुती अडचण" असं लिहिलेलं असेल. त्यांनीही गेल्या पस्तीस-चाळीस वर्षांत कर्जं फेडली असतील, घरं बांधली असतील, मुलं शिकवली असतील. पुढच्या मेळाव्याची यादी पाचवीच्या हजेरीपुस्तकावरून करूया. शोधायचं काम मी माझ्याकडे घेतो.

त्यातली एक मी आजच बरोबर आणली आहे. तशी ती आपल्या तुकडीची नाही, आपल्या तीन वर्षं पुढची. सकाळपासून "मी तुमच्यात कशाला, मी इथं आठवीपर्यंतच होते" असं म्हणत होती. ती मागे, दाराजवळच्या खुर्चीवर बसली आहे. आक्का, उठू नकोस, तिथंच बस. जेवणाच्या पंगतीत पहिला पेढा तुझ्याकडून वाटायचा आहे. यावेळी ताटली माझ्या हातात असेल.

आणि तुम्हा सगळ्यांना गृहपाठ. घरी गेल्यावर कॅलेंडर काढा. या महिन्यात घरात काय झालं ते आठवा, आणि एक चौकोन भरा. लिहिताना मात्रा विसरली तरी चालेल. मराठीच्या बाई समोर बसल्या आहेत, त्यांची माफी मी आधीच मागून ठेवतो.